आगेराचं बी

मरोळ गावठाण, अंधेरी (पूर्व)
३१ मे १९८४, भेटीचा सण

वने,

तू गावाला गेल्याला दोन वर्षं झाली आणि तुझी चार पत्रं आली. त्यातली दोन आंब्याच्या पेटीची पोच मागणारी. मी तरी कुठे शहाणी, एकालाच उत्तर दिलं. पण आज मला तुझ्याकडून काहीतरी हवंय आणि ते लगेच हवंय, तेव्हा जुने हिशेब सोड.

तुला आपला आगेरा आठवतो ना? ऑक्टोबरचा पहिला रविवार. नव्या भाताची पेंढी कापून बँड लावून देवळात न्यायची, फादर आशीर्वाद देणार, आणि मगच घराघरात नवा तांदूळ शिजणार. शाळेत असताना तू खिरीच्या रांगेत दोनदा उभी राहायचीस आणि दुसऱ्यांदा डोक्यावरून ओढणी घ्यायचीस, म्हणजे कोणी ओळखणार नाही.

त्या पेंढ्यांतली पहिली पेंढी माझ्या सासूबाईंच्या घरची, म्हणजे आपल्या मामायची. शेत इंडस्ट्रियल इस्टेटीत गेलं तरी मान घरात राहिला. मी आता ज्या कंपनीत सोल्डरिंग करते ना, ती त्याच शेतावर उभी आहे. गेली दोन वर्षं पेंढ्या वसईकडून टेम्पोतून येतात आणि मामाय त्या दिवशी दार लावून घरात बसते. विकत आणलेलं देवाला पहिलं फळ म्हणून कसं द्यायचं, एवढंच म्हणते आणि जपमाळ हातात घेते.

परवा कमिटीच्या मीटिंगमध्ये माझं डोकं फिरलं. मी उठले आणि सांगून टाकलं, यंदा मामायची पेंढी मरोळच्या मातीतली असेल. आगेरा कमिटीचा डॉमनिक म्हणाला, पेरणार कुठे, डोक्यावर? सगळे हसले. मग त्याने वहीत लिहूनच घेतलं: पिकलं तर मामाय पुढे, नाही पिकलं तर यापुढे पहिली पेंढी कायमची कमिटीची. मामाय एक्याऐंशीची आहे, वने. तिच्या हातून मान गेला आणि तो माझ्या तोंडामुळे गेला, हे मला जन्मभर पुरेल.

जागा आहे. विहिरीमागे चिकूचं झाड पडलं तिथे तीन खाटा टाकता येतील एवढी. पाणी आहे. बी नाही. मामायच्या मडक्यातल्या बियाला टोका लागला, किड्याने दाणे पोखरले. तुमच्याकडचं चार मुठी भात पाठव, पण लवकर पिकणारं, आगेराच्या आत कापता येईल असं. तारखांचं पक्कं आहे, मामायचं सगळं शेत सणांवर चालायचं: सेंट अँथनीला पेरणी, सेंट आनाला लावणी, मरियामाउलीच्या वाढदिवसाला लोंब्या, आगेराला कापणी. सेंट अँथनी तेरा जूनला आहे. कळलं?

आज भेटीचा सण. देवदूत निरोप देऊन गेल्यावर मरिया पोटुशी असताना डोंगर चढून एलिझाबेथकडे गेली, तो दिवस. मामाय म्हणते, या दिवशी मैत्रिणीने काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. हा नियम तिने आत्ता पाच मिनिटांपूर्वी केलाय, पण तू पाळ.

तुझी,
रेजिना

*

तळीवाडी, ता. कुडाळ
८ जून १९८४

रेजिने,

पत्र मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी बी निघालं. धाकटे दीर लवूभावजी एसटीत कंडक्टर आहेत, मुंबईच्या गाडीवर. त्यांच्या पिशवीत फडक्यात बांधलेलं आहे. मोजून चार मुठी, वर एक मूठ माझ्याकडून मामायसाठी.

पण हे बी चोरीचं आहे, हे तुला सांगून ठेवते. आमच्याकडे पेरणी होईपर्यंत घरातलं बी बाहेर देत नाहीत. सासूबाईंना विचारायला गेले तर मान वर न करता म्हणाल्या, "पेरणी होयसर बी घराभायर जावक नको." मग बुधवारी त्या कुडाळच्या बाजाराला गेल्या तेव्हा मी माळ्यावर चढले. बी इथे गवताच्या मुडीत बांधून ठेवतात, दोरीने गच्च आवळलेली, मोठ्या नारळाएवढी. तिथे सात मुड्या होत्या. जी हाताला आली ती सोडली, भात काढलं आणि पुन्हा गाठ मारली. काळोखात कोळ्याचं जाळं सगळं तोंडाला लागलं.

गिरणीच्या संपानंतर इथे आलो तेव्हा हे म्हणाले होते, दोन वर्षांत तू पक्की शेतकरीण होशील. मरोळच्या चाळीत वाढलेली मी, अजून म्हशीला घाबरते. पण तुझ्या आगेरासाठी माळ्यावर चढले, हे लक्षात असू दे. खिरीचं एक भांडं माझ्या नावाने बाजूला ठेव.

तुझी,
वनमाला

*

मरोळ
२४ जून १९८४, संत योहान बाप्तिस्ताचा सण

वने, चोरटे,

उगवलं! तुला हे पत्रात एका शब्दात सांगता येणार नाही म्हणून नीट सांगते. लवूभावजी सेंट अँथनीच्या आधीच्या रविवारी आले, चहा प्यायले, बी दिलं, आणि जाताना मामायच्या पाया पडले. मामायने बी ओंजळीत घेतलं, नाकाशी नेलं, एक दाणा दाताखाली फोडला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी छाती पुढे काढून सांगितलं, हे आपल्याच मरोळचं जुनं बी, एका नातेवाइकाने जपून ठेवलेलं. खोटं बोलले. परक्या मुलखाचं बी म्हटलं असतं तर तिने मान नाही डोलावली असती. तिने बी भिजत घालायला घेतलं.

सेंट अँथनीला पेरलं. सेंट अँथनी हरवलेल्या वस्तू शोधून देतो, हे तुला माझ्या आईने शंभरदा सांगितलंय, तुझी कंपासपेटी हरवली होती तेव्हा. मामाय वाफ्याशी उभी राहून त्याला म्हणाली, "आमचं अख्खं शेत हरवलंय रे बाबा, एवढा तुकडा तरी शोधून दे." सातव्या दिवशी हिरवं दिसलं. मी ड्यूटीवरून आले ती चप्पल न काढता मागे धावले आणि आरडाओरडा करून शेजार गोळा केला. डॉमनिकही आला. त्याने खाली वाकून बघितलं आणि विचारलं, गवत नाही ना?

आज योहानाचा सण. पोरं डोक्यावर फुलांच्या माळा घालून आमच्या विहिरीत उड्या मारतायत. एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने मरियेचा आवाज ऐकून आनंदाने उडी मारली, तोच हा योहान, म्हणून उड्या. रोपांवर पाणी उडतंय आणि मी काठी घेऊन राखण करतेय. तुला किती मिस करतेय ते लिहीत नाही, तू लगेच रडशील.

रेजिना

*

तळीवाडी
१६ जुलै १९८४

रेजिने,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. इथे लावणी संपत आली. कंबर माझी राहिलेली नाही.

तुला दोन-चार गोष्टी विचारायच्या होत्या. रोपाची पात रुंद आहे की अरुंद? खोड जाडसर वाटतं का? मामाय काही बोलली का बियाबद्दल? सहजच विचारते. मला आता भातातलं थोडंफार कळायला लागलंय ना, म्हणून.

सासूबाईंना माळ्यावर एक मुडी सैल दिसली. मी म्हटलं उंदीर असेल. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "उंदीर मुडी फोडतलो, पण परत गाठ मारतलो काय?" मी म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले. म्हशीला घाबरते तरी गेले.

पाऊस बरा आहे. तब्येत सांभाळ.

वनमाला

*

मरोळ
२६ जुलै १९८४, संत आनाचा सण

वनमालाबाई, शेतकी अधिकारी,

किती गं प्रश्न. कळलं, तुला आता सगळं येतं. तर ऐक: पात रुंद, खोड करंगळीएवढं जाड, आणि आजूबाजूचं सगळं गवत लाजेल असं हिरवंगार. अशी भक्कम रोपं मी लहानपणीसुद्धा बघितली नव्हती. तुझ्या सासूच्या मुडीला माझा साष्टांग नमस्कार सांग. किंवा नको सांगू, तुझी चोरी उघडी पडेल.

आज मरियेच्या आईचा, संत आनाचा सण, आणि मामायचं नावही आना. म्हणजे तिचाच सण. ती नऊवारी लुगडं वर खोचून चिखलात उतरली. डॉक्टरने जिना चढू नको म्हटलंय, चिखलाचं काही म्हटलेलं नाही, असं तिचं म्हणणं. एकेक रोप बोटांनी चाचपून लावलं, नजर तिची आता फारशी राहिलेली नाही. मधेच मला विचारलं, "घाई नाही ना गो तुला?" मी म्हटलं आगेराला त्र्याहत्तर दिवस आहेत, घाई कसली. ती खूप हसली. म्हातारी माणसं कशाला हसतील सांगता येत नाही.

मीटिंगमध्ये मी डॉमनिकला सांगून आले, बँड जरा मोठा बोलव.

रेजिना

*

मरोळ
९ सप्टेंबर १९८४, माउलीच्या जत्रेचा पहिला दिवस

वने,

लोंब्या नाहीत.

काल माउलीचा वाढदिवस झाला. मामायच्या हिशेबाने काल लोंब्या डोलायला हव्या होत्या. भात माझ्या कमरेपर्यंत आलंय, दाट, काळंभोर हिरवं, आणि एक लोंबी नाही. मी पहाटे उठून एकेक ताट तपासलं. डॉमनिक रोज कुंपणावरून डोकावतो. काल म्हणाला, म्हशीला घाल, दूध तरी मिळेल. वाईट माणूस नाही तो, पण मला विहिरीत ढकलावासा वाटला.

आज वांद्र्याला जत्रेला गेले. तुला माहीत आहे तिथे मेणाचे पाय, मेणाची घरं, मेणाची बाळं मिळतात, ज्याला जे हवं ते माउलीपुढे ठेवायचं. मी मेणाची भाताची लोंबी मागितली. मेणबत्तीवाली बाई माझ्याकडे बघतच राहिली. शेवटी मेणाचं बाळ घेतलं, त्यातल्या त्यात जवळचं. रांगेत मागची बाई विचारते, कितवं? मी तीन पोरांची आई, पण काय सांगणार? म्हटलं, पहिलंच. तिने माझ्यासाठी प्रार्थना केली.

मामाय शांत आहे. तिला नीट दिसत नाही म्हणून शांत आहे, माझी खात्री आहे. मी तिला सांगितलेलं नाही. माझं काही चुकलं का? खत? पाणी? तुला आता कळतं म्हणालीस ना, मग सांग. अठ्ठावीस दिवस राहिले.

रेजिना

*

तळीवाडी
१७ सप्टेंबर १९८४

रेजिने,

तुझं काही चुकलेलं नाही. माझं चुकलं, आणि मला ते जुलैपासून माहीत आहे.

भात दोन तऱ्हेचं असतं. हळवं लवकर पिकतं, दसऱ्याच्या आत. गरवं सावकाश, दिवाळी उलटल्यावर. मी काळोखात जी मुडी सोडली ती गरव्याची होती. हळव्याच्या मुडीला सासूबाई दोरीचे दोन वेढे घालतात आणि गरव्याच्या मुडीला तीन. इथलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. मला लावणीच्या वेळी कळलं, तेव्हा तुझी रोपं वीतभर झाली होती. तुला सांगायला हवं होतं. तू इतकी खूश होतीस की पेन उचलवेना, म्हणून ते वेडेवाकडे प्रश्न विचारले आणि तू मला शेतकी अधिकारी म्हणालीस. ते वाचून मी पडवीत बसून रडले.

काल सासूबाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, ओरडायचं ते ओरडून घ्या. त्यांनी विचारलं, भात खंय गेला? मी म्हटलं, मुंबईला, देवळात न्यायला. कुठल्या देवळात तेही सांगितलं. त्या सुपातले खडे वेचत होत्या, थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "मगे रडतंस कित्याक? देवाकच गेला मा."

तू मला काय म्हणायचं ते म्हण. मामायचा मान माझ्यामुळे गेला.

वनमाला

*

मरोळ
२५ सप्टेंबर १९८४

वनमाला,

पत्र मिळालं. दोन महिने तुला माहीत होतं. जुलैत सांगितलं असतंस तर मी डॉमनिकला बँड मोठा बोलव असं सांगितलं नसतं.

आत्ता जास्त लिहीत नाही, लिहिलं तर फाडावं लागेल.

रेजिना

*

तळीवाडी
४ ऑक्टोबर १९८४, दसरा

रेजिने,

हे लवूभावजींच्या हाती. सोबत ओल्या फडक्यात जे आहे ते उघड आणि मग वाच.

आज आमच्याकडे नवं बांधलं. दसऱ्याला हळव्या भाताच्या पहिल्या लोंब्या कापून आणतात, पूजा करतात आणि दारावर बांधतात. सासूबाईंनी कापल्या, दोन जुड्या केल्या. एक दारावर बांधली. दुसरी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, ही मरोळच्या विहिणीची. विहीण कोण, मला कळेना. मामाय म्हणे. त्यांचं बी तिच्या घरी नांदायला गेलंय, मग नातं झालंच की.

ही पिकलेली आहे, विकतची नाही, आणि देवाच्या पाया पडून आलेली आहे. डॉमनिकला चालेल का ठाऊक नाही. आज तुमचा कुठला सण?

तुझी, अजूनही असेन तर,
वनमाला

*

मरोळ
७ ऑक्टोबर १९८४, आगेरा

वने, माझ्या बये,

पाय दुखतायत, घसा बसलाय, घरात अजून माणसं आहेत आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून लिहितेय. क्रमाने सांगते, नाहीतर तू मधलंच वाचशील.

लवूभावजी शुक्रवारी संध्याकाळी आले. त्या दिवशी मी तुझ्यावर रागावलेलीच होते. फडकं उघडलं आणि सोनेरी लोंब्यांचा वास घरभर झाला. मग राग कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून त्यांना दुप्पट चहा दिला. (चार तारखेला असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण होता. तो पाखरांशी बोलायचा. तुमच्या लोंब्या पाखरांपासून वाचल्या, त्याचीच कृपा.)

मी ती जुडी मामायच्या हातात दिली आणि सगळं कबूल केलं: बी मरोळचं नव्हतं, कोकणातलं होतं, चोरीचं होतं, गरवं होतं. मग म्हटलं, परवा तू ही जुडी घेऊन पुढे हो, डॉमनिकला काय कळणार. मामायने लोंब्या गालाला लावल्या. मग म्हणाली, बी हातात घेतलं त्याच दिवशी तिला कळलं होतं. दाणा फोडला तेव्हाच. मी किंचाळले, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "बोलले असते तर तू पेरलंच नसतंस. मला मरायच्या आधी परसात भात बघायचं होतं गो."

चार महिने, वने. तू लपवत होतीस, मी लपवत होते, आणि म्हातारी दोघींना पुरून उरली.

आज सकाळी ती एकटी वाफ्यात उतरली आणि हिरवीच ताटं कापली, मूठभर. तुमची जुडी तिने माझ्या हातात दिली. मी म्हटलं, हिरवं कोण घेईल? ती लाल लुगडं नेसून, कपोटाची शाल डोक्यावरून घेऊन निघालीसुद्धा.

देवळाच्या फाटकात बँड उभा, टेम्पोतल्या पेंढ्या लावलेल्या, सगळं गाव. डॉमनिक आडवा आला. आवाज चढवला नाही त्याने, हळूच म्हणाला, मामाय, हे गवत आहे, दाणा कुठाय? मला वाटलं जमीन फाटावी. मामायने एक ताट निवडलं, जिथे खोड फुगलेलं होतं तिथे अंगठ्याचं नख लावून पात सोलली. आत लोंबी होती, वने. दुधासारखी पांढरी, ओली, घडी घातलेली, एवढीशी. तिने ती डॉमनिकच्या डोळ्यांपुढे धरली.

म्हणाली, "पोटुशी आहे ती. माउली पोटुशी असताना डोंगर चढून एलिझाबेथकडे गेली, तिला कोणी फाटकात अडवलं होतं?"

फादर हसले ते आधी. मग त्यांनी डॉमनिकच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पहिलं फळ म्हणजे घरच्या मातीतलं पहिलं, मग ते पोटात असो की हातात. डॉमनिकने ती उघडलेली लोंबी घेतली, तळहातावर ठेवून निरखली. त्याच्या बापाचं शेत मामायच्या शेताला लागून होतं, हे मी विसरलेच होते. त्याने टोपी काढली आणि बँडवाल्यांना हात केला.

मामाय पुढे, हिरवं घेऊन. तिच्या शेजारी मी, तुझ्या सासूचं पिकलेलं घेऊन. एलिझाबेथ आणि मरिया, फक्त वयाची अदलाबदल, इथे म्हातारीकडे कोवळं आणि तरणीकडे पिकलेलं, असं मामायच म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर देवळापर्यंत हसत गेली. मी हसत नव्हते, रडत होते, पण बँड इतका मोठा होता की कोणाला कळलं नाही.

तुमची जुडी आता आमच्या दारावर बांधली आहे, क्रुसाच्या खाली. खिरीचं एक भांडं तुझ्या नावाने ठेवलं होतं. लवूभावजींनी खाल्लं.

तू अजूनही माझी आहेस का, असं पुन्हा कधी लिहू नकोस.

तुझीच,
रेजिना

ता.क. वाफा अजून उभा आहे. कापून झालं की मामाय तुमच्या चार मुठी परत करणार आहे. घराबाहेर गेलेलं बी घरी पोचलं पाहिजे, म्हणते.

*

तळीवाडी
२० मे १९८५

रेजिने,

नोव्हेंबरात तू पाठवलेलं गरवं सासूबाईंनी स्वतः मुडीत बांधलं, तीन वेढे घालून, वर ओळखीला लाल दोरा. ते पहिल्यांदा पेरायचं, मग आमचं, असं त्यांनी ह्यांना बजावून ठेवलंय. वाडीत कोणी विचारलं की सांगतात, मुंबईचा बी आसा.

आणि आज सकाळी मी न मागता त्यांनी मला माळ्यावर चढवलं. दिवसाढवळ्या, हातात कंदील देऊन, खाली शिडी धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, दोन वेढ्यांची काढ. चार मुठी हळवं त्यांनी आपल्या हातांनी मोजलं, पाचवी मूठ वर घातली, फडक्याला गाठ मारली आणि लवूभावजींच्या पिशवीत ठेवलं. आमची पेरणी अजून व्हायची आहे.

मी म्हटलं, पेरणीच्या आधी बी घराबाहेर? त्या म्हणाल्या, "भायर खंय? विहिणीच्या घराक जाता."

सेंट अँथनीच्या आत पोचेल.

तुझी,
वनमाला